कोट्स गेले आणि फराळ गायब झाला: बडोद्यातल्या एका ॲपची केस

दांडिया बाजारात एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली, कडबोळी, चिवडा, करंज्या, अनारसे, आणि हल्ली तयार डबे पण, म्हणजे एका डब्यात पाव किलो चिवडा, सहा करंज्या, थोडी शेव असं. त्यांच्या भाच्याने कॉलेजात असताना त्यांना फ्लटरमध्ये (डार्ट भाषेत मोबाईल ॲप लिहायचं साधन) एक ॲप करून दिलं होतं, मागे सर्व्हरवर साधा पीएचपी भाषेतला कोड आणि मायएसक्यूएल डेटाबेस, शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर. दोन दिवाळ्या छान चाललं. तिसऱ्या वर्षी नवरात्र संपता संपता ऑर्डर येण्याच्या ऐन वेळी ॲप उघडलं की "आज काही उपलब्ध नाही" एवढंच दिसायला लागलं. ॲपमध्ये कुणी एक ओळ बदलली नव्हती, सर्व्हरच्या कोडमध्ये पण नाही. भाचा मला म्हणे, "दादा, मी खरंच हात लावला नाही," आणि ते खरंच होतं.

हात लावला होता होस्टिंगवाल्यांनी. जुनं पीएचपी ७.४ त्यांनी बंद केलं आणि सगळ्यांना ८.१ वर नेलं. त्यांचं चूक म्हणता येणार नाही, ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय. पण ८.१ मध्ये एक बदल आहे जो रिलीज नोट्समध्ये दोन ओळींचा दिसतो आणि मोबाईल ॲपवाल्यांची झोप घालवतो. पीडीओने (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) मायएसक्यूएलशी बोलताना डीफॉल्टने जे एम्युलेटेड प्रिपेअर चालतं, म्हणजे क्वेरीत व्हॅल्यू पीडीओ स्वतःच भरून पाठवतं, त्यात आधी डेटाबेसमधला प्रत्येक आकडा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बनून यायचा. स्टॉक ४० असेल तर जेसनमध्ये, म्हणजे सर्व्हर ॲपला ज्या मजकुराच्या साच्यात डेटा पाठवतो त्यात, कोट्समध्ये (अवतरण चिन्हांत) "४०". ८.१ पासून इंटिजर (पूर्ण आकडा) आणि फ्लोट (पॉइंटवाला आकडा) कॉलम खरे आकडे म्हणून येतात, कोट्स नाहीत. तत्त्वतः हे जास्त बरोबर आहे. पण ज्याने कोट्स धरून ॲप लिहिलंय त्याच्यासाठी एका रात्रीत सर्व्हर आणि ॲपमधला सगळा कॉन्ट्रॅक्ट बदलला, आणि एपीआयच्या (ॲप ज्या दारातून डेटा मागतं त्याच्या) पत्त्यात, व्हर्जनमध्ये, कुठेच त्याचा मागमूस नाही.

आता गंमत बघा, बदल सगळ्या कॉलमला सारखा लागला नाही. स्टॉक इंटिजर होता, तो कोट्सशिवाय यायला लागला. वजन फ्लोट होतं, ते पण. पण भाव डेसिमल (नेमका दशांश ठेवणाऱ्या) कॉलममध्ये होता, आणि डेसिमल अजूनही स्ट्रिंगच येतो, "१४०.००" असा, कारण फ्लोटमध्ये घातला तर अचूकपणा जाऊ शकतो. म्हणजे एकाच वस्तूच्या एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन आकडे उघडे आणि एक कोट्समध्ये. हा झाला पहिला मिश्र टाइप, आणि हा कुणी डिझाइन केलेला नव्हता.

ॲपमध्ये स्टॉक वाचताना लिहिलं होतं इंट डॉट पार्स, म्हणजे मजकुराचा इंट (पूर्ण आकडा) करणं. त्याला स्ट्रिंग लागते, मिळाला इंट, डार्टने सांगितलं "टाइप इंट इज नॉट अ सबटाइप ऑफ टाइप स्ट्रिंग" आणि एक्सेप्शन फेकलं, म्हणजे चूक दाखवून काम सोडलं. पूर्ण यादी एकाच मॅप आणि टूलिस्टमधून, म्हणजे एकाच फेऱ्यात एकामागून एक, जात होती त्यामुळे पहिल्याच चकलीवर सगळी यादी आडवी झाली, आणि स्क्रीनवरच्या फ्यूचरबिल्डरमध्ये (डेटा आला की स्क्रीन भरणारा भाग) एरर आला का हे बघितलंच जात नव्हतं, डेटा नाही म्हणजे यादी रिकामी एवढाच विचार. गिऱ्हाइकाला वाटलं काकूंनी यंदा धंदा बंद केला. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं पण की तब्येत बरी आहे ना.

भाच्याने घाईत जे केलं ते कुणीही केलं असतं. इंट डॉट पार्स काढलं, "ॲज इंट" (हा इंटच आहे असं धरून चाल) लिहिलं, वजनाला "ॲज डबल" (डबल म्हणजे डार्टचा पॉइंटवाला आकडा), आणि नवं बिल्ड प्ले स्टोअरवर. त्याच्या फोनवर यादी दिसली, पण अर्धीच. दोन वेगळ्या भानगडी एकात एक अडकल्या होत्या, आणि दुसरी माझ्या मते सगळ्यात वाईट होती.

पहिली भानगड वजनाची. पीएचपीचं जेसन एन्कोड फ्लोट छापताना शेवटचं पॉइंट शून्य टाकून देतं, ते ठेवायला प्रिझर्व्ह झिरो फ्रॅक्शन नावाचा वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. म्हणजे अर्धा किलो चिवडा ०.५ येतो आणि एक किलो कडबोळी १.० न येता नुसता १ येतो. जेसनच्या दृष्टीने दोन्ही नंबरच आहेत, जेसनचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी ८२५९ मध्ये इंट आणि फ्लोट असा भेदच नाही, पण डार्टचं जेसनडीकोड पॉइंट दिसला तर डबल करतं आणि नाही दिसला तर इंट. मग "ॲज डबल" अर्ध्या किलोवर चालतं आणि एक किलोवर पडतं. फ्लटर शिकणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, उपाय पण एका ओळीचा आहे, आधी नम (इंट आणि डबल दोन्ही चालणारा टाइप) म्हणून घ्यायचं आणि मग टूडबल. आता यादी आडवी पडत नव्हती कारण भाच्याने दरम्यान प्रत्येक आयटमभोवती ट्राय-कॅच घातला होता, म्हणजे चूक झाली तर ती कॅचमध्ये पकडून पुढे जायचं, आणि कॅचमध्ये काही नाही, रिकामा. म्हणून एक किलोवाले सगळे पदार्थ गपचूप गळाले.

दुसरी भानगड "उपलब्ध" नावाच्या फील्डची. डेटाबेसमध्ये तो टायनीइंट (छोटा पूर्ण आकडा), शून्य किंवा एक. ॲपमध्ये तपासलं होतं की हे फील्ड बरोबर कोट्समधला "१" आहे का. आता आला उघडा १. डार्टमध्ये इंट १ आणि स्ट्रिंग "१" यांची तुलना केली तर उत्तर फॉल्स, बस. एक्सेप्शन नाही, लॉग नाही, कंपायलरची कुरकुर नाही कारण डीकोड झालेली व्हॅल्यू डायनॅमिक (टाइप न ठरलेली) आहे आणि डायनॅमिकपुढे कोड तपासणारा ॲनालायझर गप्प बसतो. म्हणून जे पदार्थ यादीत दिसत होते त्या सगळ्यांवर "संपलं" अशी लाल पट्टी. चकली संपली, अनारसे संपले, अजून तेल तापलेलं नाही आणि सगळं संपलं.

मी या केसमधून एकच गोष्ट धरून बसलो ती इथूनच: ॲप पडलं ते बरं, ॲप खोटं बोललं ते वाईट. पडलेलं ॲप दहा मिनिटांत कळतं. "संपलं" ही पट्टी दोन दिवस कुणाला संशय येऊ देत नाही, आणि दिवाळीच्या धंद्यात दोन दिवस म्हणजे पुष्कळ.

आधी कुठे हात घालायचा

भाच्याचं म्हणणं होतं ॲप नीट करू आणि नवं बिल्ड टाकू. मी म्हटलं, "अरे, लोकांच्या फोनवर जे जुनं बसलंय त्याचं काय? कारेलीबागेतल्या आजी अपडेट करणार आहेत का?" तर आधी सर्व्हर. पीडीओला स्ट्रिंगिफाय फेचेस नावाचा ॲट्रिब्यूट आहे, तो ट्रू केला की ८.१ पण जुन्यासारखं सगळं स्ट्रिंग देतं. कनेक्शनच्या फाइलमध्ये एक ओळ, आणि जुनी सगळी ॲप्स जागेवर आली.

पण मधलं घाईचं बिल्ड! त्याला आता उघडे आकडे हवे होते आणि आपण परत कोट्स लावले. प्ले स्टोअरवर मागचं व्हर्जन परत लावता येत नाही, व्हर्जन कोड चढताच लागतो, म्हणजे त्याच्यापुढचं बिल्ड काढणं भाग होतं. एकच सर्व्हर दोन तऱ्हेच्या ॲप्सना एकाच वेळी खूश करू शकत नाही, म्हणून ठरलं असं की जुना पत्ता कोट्ससकट तसाच गोठवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, नव्या ॲपसाठी व्ही-टू म्हणून वेगळा पत्ता ज्यात टाइप स्वच्छ ठरलेले, आणि तरीही नवं ॲप दोन्ही तऱ्हा वाचू शकेल असं लिहायचं. शेवटचा भाग भाच्याला पटत नव्हता, "व्ही-टू स्वच्छ असेल तर ॲपने कशाला सहन करायचं?" मी म्हटलं, कारण उद्या होस्टिंगवाले परत काही बदलतील तेव्हा ॲडमिन पॅनल (काकू जिथून माल भरतात ते) लिहिणारा पुण्यात नोकरीला असेल, म्हणून.

मध्ये एकाने सल्ला दिला की जेसन एन्कोडला न्यूमेरिक चेक फ्लॅग लावा, आकड्यासारखं दिसणारं सगळं आपोआप आकडा होईल. कृपा करून हे करू नका. लँडलाइन नंबर ०२६५ ने सुरू होतो, बडोद्याचा एसटीडी कोड, तो आकडा झाला की पुढचा शून्य गेला. आणि वाघोडिया रोडच्या एखाद्या सोसायटीत कुणाचा फ्लॅट "१२ई३" असेल तर पीएचपीला ते बारा गुणिले दहाचा घन वाटतं आणि डिलिव्हरीवाला बारा हजार नंबरचा फ्लॅट शोधत फिरेल. आकड्यासारखं दिसणं आणि आकडा असणं वेगळं आहे. ज्याची बेरीज करणार नाही तो आकडा नाही, तो मजकूर.

दारावरचे वाचक

नव्या ॲपमध्ये आम्ही चार-पाच छोटी फंक्शन्स लिहिली आणि नियम केला की जेसनमधून येणारी कुठलीही व्हॅल्यू यांच्यातून गेल्याशिवाय मॉडेलमध्ये (ॲपमधले डेटा धरणारे क्लास) शिरणार नाही. मॉडेलमध्ये डायनॅमिक हा शब्द दिसला तर रिव्ह्यू परत. इमारतीच्या वॉचमनसारखं, ओळख जी काय पटवायची ती दारात, आत आल्यावर प्रत्येक मजल्यावर परत विचारत बसायचं नाही.

इंट वाचणारं फंक्शन: इंट आला तर तोच, डबल आला आणि अपूर्णांक नसेल तर इंट करून, स्ट्रिंग आली तर आजूबाजूची स्पेस आणि मधला कॉमा काढून ट्रायपार्स (पार्सच, पण जमलं नाही तर न पडणारं), यातलं काहीच नाही जमलं तर एक्सेप्शन, पण त्यात फील्डचं नाव, वस्तूचा आयडी आणि आलेल्या व्हॅल्यूचा रनटाइमटाइप (प्रत्यक्षातला टाइप) लिहून. बूल (हो की नाही) वाचणारं: ट्रू-फॉल्स, १-०, कोट्समधले "१"-"०", एवढेच. "यस", "हो", रिकामी स्ट्रिंग यांना अंदाजाने फॉल्स म्हणायचं नाही, फेकायचं. वर जे घडलं त्यानंतर यावर वाद झाला नाही.

पैशाचं फंक्शन वेगळं ठेवलं आणि ते मुद्दाम कडक आहे. भाव आत आला की पैशांमध्ये इंट, १४०.५० म्हणजे १४०५०. स्ट्रिंग पॉइंटवर तोडून दोन्ही तुकडे वेगळे वाचायचे, डबल करून शंभरने गुणायचं नाही, कारण १९.९९ गुणिले १०० डबलमध्ये १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं आणि टूइंट केलं की एक पैसा पडला. एक पैशाने काकू बुडणार नाहीत, पण सर्व्हर बिल परत मोजतो आणि दोन्हीकडची बेरीज जुळली नाही की ऑर्डर नाकारतो, ते महागात पडतं.

डब्यांच्या भावाचा कॉलम मात्र डेसिमल नव्हताच, व्हारचार (कुठलाही मजकूर चालणारा) होता, आणि त्यात काय काय सापडलं ते सांगण्यासारखं आहे. "१२५०", "१,२५०", "१२५०/-", रिकामं, आणि दोन ठिकाणी "विचारा". शिवाय काकूंचा कीबोर्ड मराठी आणि पॅकिंगला येणाऱ्या ताईंचा गुजराती, म्हणून काही आकडे देवनागरी अंकांत तर काही गुजराती अंकांत. इंट डॉट पार्सला फक्त इंग्रजी अंक कळतात. उपाय सोपा निघाला, युनिकोडमध्ये देवनागरीचे शून्य ते नऊ ओळीने दहा जागांवर आहेत, गुजरातीचे पण तसेच, तर अक्षराच्या कोडमधून त्या लिपीच्या शून्याचा कोड वजा केला की अंक हातात. बडोद्यात धंदा करायचा तर एवढं लिहावंच लागेल.

"विचारा" या शब्दावर मात्र आमची बराच वेळ चर्चा झाली. भाचा त्याला खराब डेटा म्हणत होता. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, लग्नाच्या रुखवताचा डबा असतो तो, माणसं किती, काय हवं, बघून सांगते ना मी." म्हणजे ती माहितीच आहे, चूक नाही. मग भावाचे दोन प्रकार केले, ठरलेला आणि विचारून, आणि दुसऱ्याला कार्टचं बटणच नाही, फोनचं आहे. आणि रिकामा भाव म्हणजे चूकच, तो पदार्थ दाखवायचा नाही. नल (व्हॅल्यूच नाही), रिकामी स्ट्रिंग आणि "की" (फील्डचं नाव) गायब असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिघांना शून्य करून टाकणारा कोड मी बघितलाय आणि शून्य रुपयाला करंज्या विकणं कुणालाच परवडत नाही.

तीन जातींची एक यादी

इथपर्यंत एकाच फील्डचे वेगवेगळे टाइप होते. पण यादी स्वतःच मिश्र होती: वजनाने विकायचे पदार्थ, नगावर विकायचे, आणि डबे. जुन्या मॉडेलमध्ये एकच क्लास आणि त्यात सगळ्यांची सगळी फील्ड्स नलेबल (नल चालतील अशी), किलोचा भाव, नगाचा भाव, डब्यातला माल, आणि स्क्रीनवर जिथे तिथे "हे नल नसेल तर ते, ते नसेल तर".

डार्ट ३ मध्ये, म्हणजे मे २०२३ पासून, सील्ड क्लास आले, ज्यांचे वारस कोण हे कंपायलरला आधीच माहीत असतं. एक सील्ड क्लास "पदार्थ", त्याचे तीन वारस, आणि फ्रॉमजेसन फॅक्टरी (जेसनमधून वस्तू बनवणारं फंक्शन) "प्रकार" ही की बघून कुणाला बोलवायचं ते ठरवते. फायदा असा की स्क्रीनवर स्विच लिहिताना एखादा वारस विसरला तर कंपायलरच अडवतो. भाच्याला हे फार आवडलं आणि त्याने त्याच संध्याकाळी चार ठिकाणचे इफ-एल्स उडवले.

जुन्या रेकॉर्डमध्ये "प्रकार" नव्हता, तिथे आकारावरून ओळखलं, "माल" ही की असेल तर डबा, किलोचा भाव असेल तर वजनाचा, नाहीतर नग. असा अंदाज ॲपमध्ये कायम राहू नये म्हणून सर्व्हरवर एकदाच स्क्रिप्ट चालवून सगळ्या रेकॉर्डना प्रकार लावून टाकला. ओळखीचा नसलेला प्रकार आला तर ॲप ती वस्तू सोडून देतं आणि लॉग पाठवतं, कारण पुढच्या वर्षी काकूंनी "गिफ्ट कूपन" सुरू केलं तर जुन्या ॲपने पडू नये.

आता डब्यातला माल. तो पीएचपीच्या ॲरेत असतो, त्यात "की" म्हणजे पदार्थाचा आयडी आणि व्हॅल्यू म्हणजे किती. जेसनमध्ये ऑब्जेक्टच्या की नेहमी स्ट्रिंगच असतात, म्हणून आयडी ३ पण "३" येतो, तो इंट करून घ्यायचा. व्हॅल्यू कधी ०.२५ कधी ६, म्हणजे पाव किलो की सहा नग हे आयडीवरून त्या पदार्थाचा प्रकार बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून डबे सगळ्यात शेवटी जोडायचे, आधी बाकी सगळे पदार्थ वाचून झाल्यावर. पण खरा विंचू वेगळा. पीएचपीत यादी आणि मॅप (की-व्हॅल्यूच्या जोड्या) दोन्ही एकच ॲरे. की शून्यापासून ओळीने असतील तर जेसनमध्ये चौकोनी कंस, नाहीतर महिरपी. आणि रिकामा ॲरे असेल तर पीएचपीला कळणार कसं? चौकोनी कंस. म्हणून भरलेला डबा ऑब्जेक्ट येतो आणि नुकताच बनवलेला, अजून माल न भरलेला डबा लिस्ट येतो. डार्ट म्हणतं लिस्ट हा मॅपचा सबटाइप नाही, आणि काकूंनी ॲडमिनमध्ये नवा डबा "सेव्ह" केल्या केल्या सगळ्यांच्या फोनवर डबे गायब.

उलटं पण होतं: पदार्थांच्या यादीतून ॲरे फिल्टरने काही काढले की कींच्या मध्ये भोकं पडतात, आणि लिस्टची ऑब्जेक्ट होते. तिथे सर्व्हरवर ॲरे व्हॅल्यूज लावलं, म्हणजे की परत शून्यापासून ओळीने. डब्याच्या मालाला सर्व्हरवर ऑब्जेक्ट कास्ट, म्हणजे रिकामा असला तरी महिरपी कंस, आणि ॲपमधल्या वाचकाला सांगितलं की मॅप आला तर मॅप, रिकामी लिस्ट आली तर रिकामा मॅप, भरलेली लिस्ट आली तर फेक.

फोटोचं फील्ड पण मिश्र होतं, यूआरएल किंवा फॉल्स किंवा रिकामं. त्यावर मी दोन मिनिटं पण घालवली नाहीत, स्ट्रिंग नसेल किंवा रिकामी असेल तर पणतीचं डीफॉल्ट चित्र. फोटो चुकला तर कुणाचं काही जात नाही.

नेटिव्हमध्ये, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोनच्या स्वतःच्या भाषेत, असतं तर वेगळ्या जागी फुटलं असतं, एवढाच फरक. अँड्रॉइडवर जीसन (जेसन वाचायची लायब्ररी) कोट्समधला आकडा इंटमध्ये मुकाट वाचून घेतो, म्हणून स्टॉकचं कधी कळलंच नसतं, रिकाम्या डब्याची लिस्ट पण तो रिकामा मॅप म्हणून घेतो, पण भोकं पडून यादीची ऑब्जेक्ट झाली की "एक्स्पेक्टेड बिगिन ॲरे बट वॉज बिगिन ऑब्जेक्ट" ठरलेलं. आयफोनच्या स्विफ्ट भाषेतलं कोडेबल पहिल्या वाकड्या टाइपलाच टाइप मिसमॅच फेकतं, पण त्यात कोडिंग पाथ मिळतो, कुठल्या आयटमच्या कुठल्या फील्डला ते लगेच दिसतं. फ्लटरमध्ये तेवढं हवं असेल तर जेसन सीरियलायझेबल या पॅकेजला चेक्ड ट्रू देता येतं, मग एक्सेप्शनमध्ये कीचं नाव येतं. आम्ही हाताने लिहिलं कारण मॉडेल मोजकीच होती.

सोडायचं कुठे, अडायचं कुठे: यादीच्या स्क्रीनवर एक पदार्थ वाचता आला नाही तर तो सोडून बाकीचे दाखवायचे आणि लॉग सर्व्हरला. सगळेच पडले तर "काही उपलब्ध नाही" नाही, "यादी वाचता आली नाही, काकूंना फोन करा" आणि नंबर. कार्टमध्ये मात्र एकही ओळ सोडायची नाही, एक वाचता आली नाही तर सगळी ऑर्डर थांबवायची, नाहीतर डबा कमी आणि बिल वेगळं.

टेस्टसाठी खरे रिस्पॉन्स फाइलमध्ये साठवले: ७.४ च्या वेळचा एक भाच्याच्या जुन्या बॅकअपमध्ये मिळाला, ८.१ चा, स्ट्रिंगिफाय लावलेला, व्ही-टूचा, रिकाम्या डब्याचा, गुजराती अंकांचा. प्रत्येक बिल्डआधी सगळे वाचकांतून जातात. मनाने बनवलेला जेसन यात एकही नाही, कारण रिकामा डबा लिस्ट म्हणून येईल असं मनाने कुणी लिहिलं नसतं.

धनत्रयोदशीच्या बऱ्याच आधी यादी नीट झाली. जुना पत्ता स्ट्रिंगिफायसकट अजून चालू आहे, त्यावर रोज किती ॲप्स येतात ते भाचा बघतो, ते जवळजवळ शून्यावर आलं की बंद करणार. ऑर्डर हिस्टरीची स्क्रीन मात्र अजून जुन्या नलेबल क्लासवरच आहे, ती संक्रांतीनंतर, तिळगुळाच्या ऑर्डरी उरकल्या की.